चौबळने पुस्तक कसं निवडलं

अनंत चौबळ पुस्तक निवडायचा ते मोठ्याने वाचून. डोळ्यांनी वाचलेलं गणित त्याला मान्यच नव्हतं. "डोळे लबाड असतात रे सामंत," तो मला म्हणायचा, "अवघड ओळ दिसली की उडी मारतात. जिभेला उडी मारता येत नाही." स्टाफरूममध्ये शेजारच्या टेबलावर तो सूत्रंसुद्धा अक्षर न् अक्षर उच्चारायचा. माझा डबा त्याच्या वर्गमुळांच्या तालावर संपायचा.

मुलुंडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघं 'प्रॉबॅबिलिटी अँड रँडम प्रोसेसेस' शिकवायचो. म्हणजे योगायोगाचं गणित. आधी नाणी, फासे, आणि मग कधी काय येऊन आदळेल याचे अंदाज. मुलं या विषयात हमखास नापास व्हायची. त्यात योगायोग काही नव्हता.

प्रकाशकांचे विक्रेते पुस्तकांच्या प्रती घेऊन यायचे. आम्ही त्यांच्याकडून डायरी, पेन घ्यायचो. चौबळ त्यांना उभं करून पानभर वाचायला लावायचा. "तुलाच कळत नाही, मग विकतोस कशाला?" असं ऐकून एकजण घाम पुसत जिना उतरला तो पुन्हा आमच्या मजल्यावर चढला नाही.

कुठल्याही गोष्टीबद्दल मत विचारलं की त्याचं उत्तर एकच, "नमुना लहान आहे." कँटीनचा वडा कसाय? अर्धा खाऊन, "नमुना लहान आहे," आणि हात माझ्या बशीत. नवे प्रिन्सिपल कसे वाटतात? "नमुना लहान आहे." ते निवृत्त झाले, त्या दिवशीही त्याचं मत तेच होतं.

चौबळ आता नाही. कॉलेजात त्याचा एक किस्सा मात्र अजून चालतो. चौबळ सर म्हणे बायकोला विचारून पुस्तक ठरवायचे. परवा एका लग्नात जुन्या विद्यार्थ्याने तो मलाच ऐकवला, वर पोट धरून हसला. तो किस्सा माझा आहे. आणि अर्धा आहे. उरलेला अर्धा सांगायला आता मीच उरलोय.

अभ्यासक्रम बदलला तेव्हाची गोष्ट. मी विभागप्रमुख होतो. मीटिंगमध्ये टेबलावर दोन पुस्तकं होती. एक नवं, रंगीत, सर्व्हर आणि मोबाइल नेटवर्कची उदाहरणं असलेलं, मागे भरपूर सोडवलेली गणितं. दुसरं जुनं, मळकट वेष्टनाचं. त्यात सगळा कारभार टेलिफोन एक्स्चेंजवर चाले. फोन वाटेल तेव्हा येतात, बोर्डावर एक ऑपरेटर बसली आहे, तर पुढच्या फोनची तिने किती वाट पाहावी?

"एक्स्चेंज आता कुणी पाहिलंय?" मी म्हणालो.

"माझ्या घरात एकीने पाहिलंय," चौबळ म्हणाला. "दोन्ही पुस्तकं घरी वाचून दाखवली. नवं सुरू केलं की शालू भिंतीकडे तोंड करते. जुन्याला..." तो अडखळला. "जुनं बरं आहे. मुलांना पोचेल."

"वा! म्हणजे पुस्तक आता वहिनी लावणार. पुढची मीटिंग तुझ्या स्वयंपाकघरातच घेऊ. पोहे तरी मिळतील."

हशा झाला. चौबळही हसला, जरा उशिरा. नवं पुस्तक लागलं.

माझं तेवढ्यावर भागलं नाही. कँटीनमध्ये मी तोच किस्सा पोरांना रंगवून सांगितला. एकाने विचारलं, "मग सर, डाउट मॅडमनाच विचारायचे ना?" "विचार की," म्हणत मी चौबळच्या घरचा नंबर सांगितला. मला तो तोंडपाठ होता. पोरांनी बाकं बडवली.

शालिनीवहिनी बऱ्या नसतात, एवढं मला ठाऊक होतं. इतकी वर्षं शेजारी बसून पुढचं मी कधी विचारलं नाही.

आम्ही निवृत्त झालो. वहिनी गेल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला घाटकोपरला पंतनगरात गेलो, तर खोलीत रिकामी कॉट आणि उशाशी स्टुलावर जुना लँडलाइन.

"हा अजून ठेवलास?"

"असू दे." त्याने चहा माझ्या हातात दिला आणि समोर बसला. "शालू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. ऑपरेटर. तुला सांगितलं नव्हतं का?"

त्याने सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

"झटका आला, अर्धं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, तिच्याशी बोलत राहा. मी काय बोलणार रे? मला दुसरं येतं काय? उद्याचा धडा वाचायला लागलो. एक पुस्तक झालं की दुसरं. आणि त्या जुन्या पुस्तकातल्या एक्स्चेंजच्या गणिताला ती बोर्डावर बसल्यासारखी म्हणाली, 'नंबर प्लीज.'"

"स्पष्ट?"

"स्पष्ट. पण एकदाच. नमुना लहान आहे, मला कळतं ना ते. म्हणून मीटिंगमध्ये बोललो नाही."

मी चहाचा घोट घेतला.

"त्यानंतर कॉलेजच्या पोरांचे फोन यायला लागले. 'मॅडम, कुठलं पुस्तक घेऊ?' पहिला आला तेव्हा मी खाली दूध आणायला गेलो होतो. बेल ऐकून ही उठायला गेली आणि कॉटवरून पडली. मनगट मोडलं."

"चौबळ..."

"ऐक तर. मग मी फोनच कॉटपाशी आणला. बेल वाजली की रिसीव्हर तिच्या कानाला लावायचो. पोरं खिदळायची, हिचे ओठ हलायचे. पलीकडे काही ऐकू येईना म्हणून पोरं कंटाळली. फोन थांबले. ही संध्याकाळ झाली की फोनकडे बघत बसायची. मग मीच गॅलरीत जाऊन मोबाइलवरून घरचा नंबर लावायला लागलो. कामाच्या मावशी रिसीव्हर धरायच्या."

"आणि काय बोलायचास?"

"'मॅडम, कुठलं पुस्तक घेऊ?'"

"वहिनी?"

"श्वास ऐकू यायचा." त्याने चष्मा पुसला. "शेवटपर्यंत लावला. दुसऱ्यांदा काही म्हणाली नाही."

समोरच्या गॅलरीत कुणाचे तरी कपडे वाऱ्याने फडफडत होते. चष्मा चढवून तो म्हणाला, "पोरांना नंबर कुणी दिला, कळलं नाही कधी. कळलं असतं तर दोन गोष्टी केल्या असत्या. आधी एक थोबाडीत मारली असती. मग घरी बोलावून चहा पाजला असता."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात त्याने विचारलं, "साखर बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"एका कपावर सांगू नकोस. नमुना लहान आहे," असं म्हणत त्याने माझा कप पुन्हा भरला.

त्याला ठाऊक होतं का, हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारता येत नाही. चहा मी दोन कप प्यालो. थोबाडीत खायची राहून गेली.