बाशिंगाचं विमान

रावजी शिवगणाने पट्टीवर ब्लेड टेकवलं मात्र, विमानाच्या पंखाची फासळी टर्रकन उभी चिरली. तिचा एक तुकडा उडून थेट चुलीशी बसलेल्या गोदूबाईच्या भाकरीच्या पिठात पडला.

"उडलं बाय एकदाचं!" गोदूबाई म्हणाली. "झालं ना मनासारखं? आता तो खोका ठेव नि जेवायला बस."

"आये, लाकूडच वायट निघालं गो."

"पोरींच्या बापांना तुज्यात खोट दिसते नि तुला लाकडात! घरात सून आणायच्या वयात लोक विमान करीत बसत नाय रावज्या."

साल त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीचं असेल. रावजी रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचा. जगातली प्रत्येक गाडी कधी सुटते हे त्याला ठाऊक होतं, फक्त स्वतःची सुटत नव्हती. वाडीत त्याला लहानपणापासून 'विमान' म्हणत. पोफळीच्या गळून पडलेल्या विरीचं, पुठ्ठ्याचं, सापडेल त्याचं विमान करायचा आणि ते नाकावर आपटायचं.

सुटे भाग जोडून विमान करायचा तो खोका आणला होता चुलतभाऊ भागोजीने. भागोजी मुंबईला विमानतळावर सामान चढवायच्या कामावर होता, त्यामुळे विमानाच्या बाबतीत वाडीत त्याचा शब्द शेवटचा. खोक्यावर निळ्या आभाळात पिवळंधमक विमान होतं. आत बाल्सा नावाचं लाकूड, पिसासारखं हलकं, असं छापलेलं. प्रत्यक्षात एक फळी आंब्याच्या पेटीला शोभेल इतकी जड, दुसरी नखाने उकरता येईल इतकी भुसभुशीत आणि तिसरीत एक किडा मुंबईहून सोबत आलेला.

"भागोजी, ह्ये बाल्सा हाय?" रावजीने विचारलं.

भागोजी रजेवर आला होता, पडवीत पाय पसरून विडी ओढत होता. "मी दुकानदाराला बोललो ना. तो म्हणालान, लाकूड झाडाला येतं, कारखान्यात नाय होत. कुठं जड, कुठं हलकं असायचंच. आमची मोठी विमानं तरी काय, सगळी सारखी उडतात होय?"

हे ऐकून रावजी पुन्हा एकेक फळी उलटसुलट करून बघू लागला, कारण शनिवारी विमान उडवायचा शब्द तो देऊन बसला होता. आणि तो शब्द दिला होता हौसा गोताडला.

गोताडबाई पावसच्या रस्त्यावरच्या शाळेत शिकवायच्या आणि रोज त्याच्या खिडकीशी येऊन गाडी विचारायच्या. स्टँडवर त्या कंडक्टरला भाऊ म्हणत, हमालाला भाऊ म्हणत, शेंगदाणेवाल्यालासुद्धा भाऊ म्हणत. रावजीला मात्र 'अहो शिवगण'. एवढ्याशा फरकावर रावजी दोन पावसाळे जगत होता. त्याच खिडकीत त्या एकदा म्हणाल्या होत्या, "मुलांना विमानाचा धडा लागलाय हो, पण एकानंही विमान जवळून बघितलेलं नाही." रावजीच्या तोंडून निघून गेलं, "मी आणतो की! शनिवारी सकाळची शाळा सुटली की मागच्या सड्यावर, मोकळ्या कातळावर उडवून दाखवतो."

"खरंच उडेल?"

"नाही उडालं तर ही खिडकी सोडीन."

आता शनिवार दारात येऊन उभा होता आणि पंखात एक फासळी धड नव्हती.

खळ लावून झाली, दोऱ्याने बांधून झालं. केरसुणीचे हीर आडवे घातले तेव्हा कुठे सांगाडा उभा राहिला. पण फासळ्यांना हलकं काही हवंच होतं. अशा विवंचनेत तो राम आळीतून चालला असताना भिकाजी बाशिंगवाल्याच्या दुकानात टांगलेली बाशिंगं वाऱ्यावर भिरभिरताना दिसली. रावजी जागच्या जागी थांबला. भेंड! पाण्यातलं ते पांढरं, कापसासारखं हलकं भेंड. कापा तसं कापलं जातं.

"भिकाजीनू, थोडं भेंड द्या."

"भेंड सुटं विकत नाय," भिकाजी कात्री न थांबवता म्हणाला. "बाशिंग विकतंय."

"मग एक बाशिंग द्या."

"एकटं विकत नाय. जोड नेवची. एकटं बाशिंग नेलंन तर माणूस एकटाच ऱ्हातो. पण आधी सांग, लगीन कुणाचं?"

विमानासाठी हवंय म्हटलं असतं तर म्हाताऱ्याने कात्रीच फेकून मारली असती. शुभकार्याची वस्तू ती! रावजीने इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाला, "माजंच."

मागे मुंडावळ्या निवडत उभ्या असलेल्या शेजारच्या कमलाबाईकडे बघायचं तेवढं राहून गेलं.

रावजी सायकलवरून घरी पोचेपर्यंत बातमी पायी पोचली होती. गोदूबाई देवासमोर डोळे पुसत बसली होती.

"मेल्या, आवशीला न सांगता ठरवलंस?"

"आये, ह्ये विमानासाठी आणलंय."

"विमानानं येणार हाय पोरगी?" गोदूबाईचे डोळे आणखी भरून आले. "एवढी मोठ्या घरची हाय?"

रावजीने समजावायचा प्रयत्न केला, पण भागोजीने मध्येच, "विमानातून वऱ्हाड आणायचं तर सामान मी चढवीन," असं सांगून सगळ्यावर पाणी ओतलं. शेवटी गोदूबाईने त्यातलं नवरीचं बाशिंग उचललं. "ह्ये मी देवाजवळ ठेवतंय. तुज्याचं तू काय करायचं ते कर." रावजीने जीव मुठीत धरून नवऱ्याच्या बाशिंगाला ब्लेड लावलं. भेंड लोण्यासारखं कापलं गेलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर पेढ्यांची मागणी सुरू झाली. कंट्रोलरसाहेबांनी खांद्यावर थाप मारली, हमालांनी आवतण मागितलं. आणि पावसच्या गाडीच्या वेळेला खिडकीशी गोताडबाई आल्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"रावजीभाऊ, पावसची गाडी लागली का?"

रावजीच्या छातीत काहीतरी तुटलं, आणि ते बाल्सापेक्षा वाईट आवाजात तुटलं. तो काही बोलणार तोच मागचा गृहस्थ ओरडला, "ओ, मंडणगड गेली काय?" रावजीने त्याला पावसची गाडी सांगितली आणि बाईंना मंडणगडची.

शनिवारी तो सड्यावर गेला तो विमान उडवायला नव्हे, दिलेल्या शब्दाचं ओझं उतरवायला. कातळावर मुलं ओळीने बसली होती. बाई बाजूला पदर घट्ट लपेटून उभ्या होत्या. समुद्राकडून खारा वारा सुटला होता. रावजीने विमानाच्या नाकावरचा पंखा फिरवून त्याच्या रबराला पीळ भरला, मनातल्या मनात ग्रामदेवतेला साकडं घातलं आणि हात सोडला.

विमान खाली गेलं. मुलं अर्धवट उठली. मग वाऱ्याने त्याला पोटाखालून उचललं आणि ते वर, आणखी वर, काजूच्या झाडांवरून वळसा घेऊन गेलं. मुलं किंचाळत मागे धावली. रावजीही धावला. बालपणापासून नाकावर आपटलेलं प्रत्येक विमान त्या घटकेला वर उडत होतं, आणि त्याला रडू आलं हे त्याने वाऱ्यावर ढकललं.

विमान येऊन उतरलं ते बाईंच्या पायांशी. त्यांनी उचलून उलटसुलट पाहिलं. पंखाच्या पोटाला लाल-सोनेरी बेगड चिकटलेली होती.

"हे बाशिंग आहे?"

"होय."

"तुमच्या लग्नातलं?"

"लग्न नाही हो बाई," रावजी धापा टाकत म्हणाला. "लाकूड वाईट निघालं."

आणि मग त्याने बाल्सापासून कमलाबाईपर्यंत सगळं सांगितलं. गोताडबाई इतक्या हसल्या की मुलं विमान सोडून त्यांच्याकडे बघू लागली. हसू ओसरल्यावर त्या बराच वेळ बेगडीवरून बोट फिरवत राहिल्या.

"जोड होती ना? मग नवरीचं कुठंय?"

"आईनं देवाजवळ ठेवलंय."

"ते कापू नका," त्या म्हणाल्या. "अहो शिवगण, कळलं का मी काय म्हणते?"

रावजीला कळलं.

लग्न वैशाखात ठरलं आणि खरा घोळ तेव्हा झाला. नवरीचं बाशिंग देवाजवळ तयार होतं, नवऱ्याचं आभाळात फिरून आलेलं. भिकाजी एकटं बाशिंग विकेना. गोदूबाई दुसरी जोड घरात येऊ देईना. "एका लग्नाला दोन जोड आणल्यान तर लग्नंपण दोन होतात," हे तिचं म्हणणं. अखेर भागोजीने विमान खुंटीवरून काढलं, पंख सोडवला, बेगड नव्याने लावली आणि तोच रावजीच्या कपाळाला बांधला. लग्नाला आलेला भिकाजी डोळे बारीक करून म्हणाला, "भेंड माज्या दुकानातलं हाय, पण घडण माजी नाय."

"बाल्सा हाय तो!" भागोजीने ठणकावलं. "मुंबईहून आणलाय."

अंतरपाट दूर झाला, हार घातले गेले आणि नेमका मांडवात वारा शिरला. रावजीच्या कपाळावरचा पंख अलगद उचलला गेला. हौसाने मान खाली घालून, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हटलं, "अहो शिवगण, धरा. उडेल."

ती जोड अजून त्यांच्या घरात आढ्याला बांधलेली आहे. बेगड काळी पडली, गोदूबाई गेली, भागोजीच्या विमानगोष्टी गेल्या. हौसाबाई स्वतः शिवगण होऊन किती वर्षं लोटली, पण नवऱ्याला हाक मारताना त्या अजून आडनावच घेतात. आणि दारातून वारा आला की त्या जोडीतलं एक बाशिंग स्वस्थ राहतं, दुसरं थोडं हलतं.