मेश्रामभाऊंचा दम

मेश्रामभाऊंच्या घरी चहा प्यायचा असेल, तर आधी क्वार्टरांच्या ओळीला धावत एक फेरी मारावी लागे. फेरी मारून आलेल्या माणसाला भाऊ दारातच अडवत आणि सकाळपासून काय काय खाल्लं ते विचारत. उत्तर एका दमात पूर्ण झालं, तर खुर्ची. मध्येच धाप लागली, तर दम परत येईपर्यंत उभं राहायचं, मग आत चहा निवला तरी बेहत्तर. आमच्या बाबांनी त्यांच्याकडे कधी गरम चहा प्यायल्याचं मला आठवत नाही.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. घुग्घुसला कोळशाच्या खाणीच्या कॉलनीत आम्ही समोरासमोर राहत होतो. भाऊ खाणीत पाळीवर जात आणि उरलेल्या वेळात आम्हा मुलींना फुटबॉल शिकवत. त्यांना मूलबाळ नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना भाऊच म्हणत, आणि आम्हीही.

मोठं मैदान पुरुषांच्या संघाचं होतं. आम्हाला मिळाला क्लबमागचा सिमेंटचा चौक, जिथं एरवी लग्नाच्या पंगती बसत. तिथं अकरा-अकरा जणी उतरल्या असत्या तर चेंडूला जागा उरली नसती, म्हणून खेळ पाच-पाच जणींचा. बाकीच्या कडेला बसायच्या आणि भाऊ हाक मारतील तेव्हा आत जायच्या.

"मोठ्या मैदानात लपता येते," भाऊ म्हणत. "इथी लपाले जागाच नाई."

खरंच नव्हती. घडीघडी चेंडू पायाशी येई आणि थोड्या वेळात जीभ टाळूला चिकटे. म्हणून भाऊ आम्हाला सकाळी ट्रकांच्या रस्त्याच्या कडेनं पळवत, तेही मोठ्यानं पाढे म्हणत. एकोणिसाचा पाढा अडला की पायातला दम संपला, असं त्यांचं म्हणणं. माझा तो पाढा चालतानाही अडे, पण ते त्यांना पटत नसे. आम्ही घरी परतायचो त्या कोळशाच्या धुळीनं काळ्या होऊन, आणि आमच्या आया भाऊंच्या नावानं बोटं मोडत कपडे धूत.

सामना सुरू झाला की भाऊ चेंडूकडे बघतच नसत. कडेला कान टवकारून उभे राहत आणि कोणाचा श्वास कसा चाललाय ते ऐकत. कुणी गोल किती झाले विचारलं तर शेजारच्याला विचारून सांगत.

एकदा चंद्रपूरच्या मुलींचा संघ खेळायला आला. सगळी कॉलनी चौकाभोवती जमली. आमची सुनंदा म्हणजे पायात चेंडू बांधल्यासारखी खेळायची. मध्यंतरापर्यंत तिनं दोन गोल केले. पुढच्या अर्ध्यात मात्र ती तोंड उघडं टाकून पळू लागली. भाऊंनी तिला बाहेर बोलावलं आणि सकाळी काय खाल्लं ते विचारलं.

"पोहे," सुनंदा म्हणाली, आणि पुढचा शब्द काही आला नाही.

भाऊंनी तिला बसवलं. तिनं विनवण्या केल्या, लोकांनी गलका केला, तिच्या वडिलांनी येऊन भाऊंचा हात धरला. तेवढ्यात समोरच्यांनी एक गोल केला, मग दुसरा. भाऊ सुनंदापाशी उकिडवे बसून तिचा श्वास ऐकत होते. तो सुरळीत होईस्तोवर तिसराही गोल झाला आणि आम्ही हरलो.

लोक नाही नाही ते बोलले. सुनंदा रडत, भाऊंकडे न बघता घरी गेली. भाऊ एवढंच म्हणाले, "हारलो त हारलो. पोरगी पडली असती त?"

गडबडीत चेंडू माझ्याकडेच राहिला होता. दिवेलागणीला तो द्यायला मी त्यांच्याकडे गेले. ते नक्की चिडले असणार, म्हणून मी फेरीसुद्धा मारली. पण दारात कुणी अडवलं नाही. आतून भाऊंचा आवाज येत होता.

खाटेवर उशांना टेकून कमलाकाकू बसल्या होत्या, भाऊंची बायको. दम्यामुळे त्या वर्षभरात दाराबाहेर पडल्या नव्हत्या. भाऊ त्यांना सामना सांगत होते. त्यांच्या सामन्यात सुनंदा वाऱ्यासारखी पळत होती, आमच्यातल्या एकीलाही धाप लागली नव्हती आणि चंद्रपूरच्या मुली रडकुंडीला आल्या होत्या. मला बघून ते जरा चपापले आणि चहा टाकतो म्हणून स्वयंपाकघरात गेले.

काकूंनी मला जवळ बोलावलं. "हारल्या ना वं तुमी?"

मी मान डोलावली.

"मले समजलं. जितले की हे दोन शब्दात सांगते. हारले की लय बोलते." त्या थांबल्या, श्वास घेतला. "त्याईले सांगू नको मले समजते म्हनून."

भाऊ चहा घेऊन आले. काकू पुन्हा उशीला टेकल्या आणि म्हणाल्या, "हं, मंग? पुढं काय झालं?"

भाऊ त्यांच्या उशाशी बसून सावकाश सांगू लागले. काकूंना मध्येच धाप लागे. मग ते बोलायचे थांबत, आणि ती ओसरेपर्यंत सुनंदा चेंडू पायाखाली धरून तिथंच उभी राही.