चौथ्या पहारेकऱ्याचे नाव

पाणीपुरवठा कार्यालयाच्या खरेदी विभागातील वरिष्ठ सहायकांच्या घरी, गुरुवारी संध्याकाळी, बाहेरच्या खोलीतल्या संगणकावर एक लाल चौकट उमटली. 'तुमचा संगणक धोक्यात आहे!' असे तिच्यात लिहिले होते. खाली दोन बटणे होती. एकावर 'आत्ताच संरक्षण घ्या' आणि दुसऱ्यावर 'धोका पत्करून पुढे जा'. उभ्या नोकरीत वरिष्ठ सहायकांनी आत्ताच असे काही केले नव्हते आणि धोका पत्करून तर मुळीच नव्हते. त्यांनी संगणक बंद केला, त्याच्यावर टॉवेल टाकला आणि चहा मागितला.

चहाऐवजी बायको आली.

"अहो, टॉवेल काढा. माझा नकाशा अर्धा राहिलाय."

"अगं, धोका आहे."

"मग टॉवेलनं काय होणार? सर्दी झालीय का त्याला?"

बायको स्वयंपाकघरांचे नकाशे काढून देई. ओटा कुठे, बेसिन कुठे, फ्रिजचे दार उघडल्यावर माणूस भिंतीत चिणला जाणार नाही ना, हे तिला नेमके कळे. आजवर ओळखीपाळखीची कामे होती. आता मात्र एका बिल्डरने नव्या इमारतीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांसाठी तिच्याकडून नमुन्याचा नकाशा मागवला होता. तो सोमवारी दुपारी बारापर्यंत पोहोचला तर काम तिचे, नाहीतर कुठल्याशा पुरुषाचे, ज्याने जन्मात भांडे घासलेले नव्हते.

"कुठलंतरी एक अँटिव्हायरस टाका आणि मोकळे व्हा," ती म्हणाली.

'कुठलंतरी एक' हे शब्द वरिष्ठ सहायकांच्या जिव्हारी लागले. ज्या विभागात साधा झाडू घ्यायचा तरी तीन दरपत्रके लागतात, त्या विभागाचे मीठ त्यांनी खाल्ले होते. एकदा झाडू येईपर्यंत झाडणारा निवृत्त झाला, पण त्या खरेदीवर एकही आक्षेप निघाला नव्हता. त्यांनी त्याच संध्याकाळी समिती नेमली.

अध्यक्ष ते स्वतः. ज्येष्ठ सदस्य त्यांचे वडील, आबा. हे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि जगात प्रत्येक जण मापात पाप करतो, या एकाच तत्त्वावर त्यांची श्रद्धा होती. तांत्रिक सदस्य बायकोचा भाऊ. तो मोबाइलची कव्हरे विकायचा. कव्हर ज्याला कळते त्याला आतलेही कळत असणार, असा घरात समज होता आणि त्याने तो कधी खोडून काढला नव्हता.

"आणि मी?" बायकोने विचारले.

"तुला समितीत बसता येणार नाही. तू संगणक वापरतेस. हितसंबंध येतात."

"म्हणजे जो वापरत नाही, तो ठरवणार?"

"पद्धतच आहे तशी. आमच्याकडे पंप निवडणाऱ्यांपैकी एकाच्याही नळाला पाणी येत नाही. म्हणून तर निवड निःपक्षपाती होते."

मेहुण्याने तीन नावे पुढे ठेवली. "भाऊजी, हे 'अभेद्य'. फुकट आहे, पण सारखं पैसे मागतं. हे 'चिलखत'. हे पैसे मागत नाही, खात्यातून आपलं आपण कापून घेतं. आणि हा 'जागल्या'. हा मला कव्हरांच्या खोक्यासोबत मिळाला. कसा आहे कोणालाच माहीत नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नाही."

"तिन्ही टाका," अध्यक्ष म्हणाले. "तुलनात्मक चाचणी होऊ दे."

"भाऊजी, एका वेळी एकच टाकायचं असतं. पाकिटावर तसं लिहिलंय."

"लिहिणारच! स्पर्धा कोणाला हवी असते?"

"बरोबर आहे," आबा म्हणाले. "आज एकाला तोला, उद्या दुसऱ्याला तोला, असं चालत नाही. तराजू एक, वेळ एक. माझ्या काळात मी अशी भलीभली दुकानं बसवलीयत."

शुक्रवारी सकाळी अभेद्यने जागल्याला विषाणू ठरवले. जागल्याने चिलखताला घुसखोर ठरवले. चिलखताने दोघांनाही ठरवलेच, शिवाय हातासरशी संगणकातल्या गणकयंत्रालाही पकडले. संगणक सुरू व्हायला इतका वेळ लागू लागला की बायको बटण दाबून कपडे धुवायला जाई आणि ते वाळत घालून परत येई, तेव्हा पडद्यावर नुसते 'सुस्वागतम्' उमटलेले असे.

वरिष्ठ सहायक मात्र भारावून पाहत होते. "किती सतर्क आहेत बघ."

"सतर्क नाहीत, भांडताहेत."

"आमच्याकडेही लेखा, भांडार आणि खरेदी असेच असतात. म्हणून तर आजवर एक खिळा चोरीला गेला नाही."

"विकत तरी घेतलाय का एखादा?"

यावर वरिष्ठ सहायक काही बोलणार, इतक्यात आबांनी मूलभूत मुद्दा काढला. "हे तिघं चोर पकडतील. पण हेराचं काय?"

"आबांचं खरंय," मेहुणा म्हणाला. "विषाणू निदान मोडतोड करतो, त्यामुळे कळतो तरी. हेर काहीच मोडत नाही. तो गुपचूप बसून राहतो. कोण काय लिहितं, काय बघतं, कोणाशी बोलतं, सगळं टिपतो आणि बाहेर पोचवतो."

"समोरच्या काकूंसारखा," बायको म्हणाली. "पण काकू निदान साखर मागायच्या निमित्तानं येतात. दिसतात तरी."

अशा रीतीने चौथा पहारेकरी आला. याचे काम फक्त हेर शोधणे. त्याचे नाव इथे देता येत नाही. कारण पुढे येईलच.

चौथ्याने आत येताच परवानग्या मागितल्या. कॅमेरा पाहू का, माइक ऐकू का, पत्रे वाचू का, कोण काय शोधते ते टिपू का. वरिष्ठ सहायकांचे बोट क्षणभर थबकले.

"हेराला पकडायचं तर तो जिथे बघतो तिथे आपणही बघायला नको का, भाऊजी?"

तर्क बिनतोड होता. मग अटी आल्या. बिस्किटाच्या पुड्यावरचे वजन भिंगातून वाचणारे आबा दुसऱ्या पानावर घोरू लागले. वरिष्ठ सहायकांनी अटी जगातले सगळे सुज्ञ लोक वाचतात तशाच वाचल्या, म्हणजे तळाशी जाऊन 'मान्य' दाबले.

शनिवारी सकाळी चौथ्याचा पहिला अहवाल पडद्यावर झळकला. 'माननीय कुटुंबप्रमुख, आपल्या घरात हेर आढळला नाही. तथापि पुढील हालचाली आढळल्या.'

आबांनी 'आजारपणाचे सोंग डॉक्टर कसे ओळखतात' हे वाचले होते. मेहुण्याने 'अँटिव्हायरस म्हणजे काय' हे शोधले होते, तेही समितीवर नेमणूक झाल्यानंतर, याच खुर्चीत बसून. आणि बायकोने 'नवऱ्याला न दुखावता समजावण्याचे उपाय' शोधले होते. थोड्या वेळाने तिने 'न दुखावता' हे शब्द काढून पुन्हा शोधले होते.

हेर नाही म्हटल्यावर वरिष्ठ सहायकांना हायसे वाटायला हवे होते. त्याऐवजी त्यांच्या तोंडाला पाणी सुटले. त्यांनी आजूबाजूला पाहिले आणि 'अधिक तपशील' दाबले.

त्या दिवसापासून त्यांचे घरातले लक्ष वाढले. ते कोणालाही काहीही विचारू लागले, आणि विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर सर्वज्ञाचे मंद हसू असे.

"आबा, कंबर कशी आहे?"

"ठणकतेय रे."

"डॉक्टरांना तसंच वाटेल ना?"

आबांना चहाचा ठसका लागला.

बायकोने रविवारी नकाशा पूर्ण केला. फाइलला तिने 'ओटा-शेवटचा-खरंच-शेवटचा' असे नाव दिले आणि पाठवण्याचे बटण दाबले. त्या क्षणी चारही पहारेकऱ्यांचे पहिल्यांदाच एकमत झाले. सारखी बदललेली, भल्या मोठ्या आकाराची, घराबाहेर अनोळखी पत्त्यावर निघालेली वस्तू! चौघांनी मिळून तिच्यावर झडप घातली आणि चौथ्याने तिला विलगीकरणात टाकले.

सोमवारी चौथ्याचे मदत केंद्र उघडताच वरिष्ठ सहायकांनी फोन लावला. पलीकडून एक अत्यंत शांत बाई बोलत होत्या.

"तुमची फाइल सुरक्षित आहे, सर."

"पण ती उघडत नाहीये."

"म्हणूनच सुरक्षित आहे, सर."

"अहो, ती आमचीच आहे!"

"हेरसुद्धा असंच म्हणतात, सर."

"मग सोडवायची कशी?"

"घरातल्या बाकीच्या तिन्ही संरक्षकांनी ना हरकत दिली की आमचा सोडेल."

"ते एकमेकांनाच विषाणू समजतात."

"मग आधी त्यांच्यात समेट घडवा, सर. ते आमच्या अखत्यारीत येत नाही. आपला दिवस सुरक्षित जावो."

वरिष्ठ सहायकांनी फोन ठेवला आणि नकळत त्यांच्या तोंडून निघून गेले, "काय पद्धत आहे!" बायकोने ते ऐकले.

मेहुणा तोवर पडद्यात डोके घालून बसला होता. समितीवर आल्यापासून पहिल्यांदाच त्याला काहीतरी सापडले. "भाऊजी, सोपं आहे की! हा चौथा काढून टाकला की सगळं सुटतं. हे बघा, इथे लिहिलंय. 'काढून टाका'. दाबू?"

"थांब!"

वरिष्ठ सहायक इतक्या जोरात ओरडले की आबा कंबर विसरून ताडकन उभे राहिले.

"घाई नको," वरिष्ठ सहायक सावरून म्हणाले. "सुरक्षेचा प्रश्न आहे."

"अकरा वाजून गेलेत," बायको म्हणाली.

"समितीची तातडीची बैठक बोलावतो."

बायकोने त्यांच्याकडे पाहिले. मग पडद्याकडे पाहिले. तिथे एका कोपऱ्यात 'आजच्या हालचाली तयार आहेत' ही ओळ लुकलुकत होती आणि नवऱ्याचे डोळे तिच्याकडे वळून वळून जात होते. कंबर कशी आहे या प्रश्नापासून कालपर्यंतचे ते मंद हसू, सगळे तिच्या डोक्यात एका ओळीत उभे राहिले.

"कोणाच्या सुरक्षेचा?" तिने विचारले.

वरिष्ठ सहायकांनी चष्मा पुसायला घेतला.

प्रत्येक नकाशा ती आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने काढत असे. तो कागद तिने गुंडाळला, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. तिथल्या संगणकाला जन्मापासून कोणतेही संरक्षण लाभलेले नव्हते. पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून पडद्यालाच चिकटवलेला होता, आणि पडद्यावर अख्ख्या वस्तीचे फोटो, दाखले आणि पासबुके उघड्यावर पडली होती. मध्येच तिथेही लाल चौकट आली. तुमचा संगणक धोक्यात आहे!

"रोजच येते," दुकानदार चौकट बाजूला सारत म्हणाला. "बसू दे बिचारीला. कुठे पाठवायचंय, ताई?"

तो सुटे पैसे शोधेपर्यंत नकाशा पोहोचलासुद्धा.

काम बायकोला मिळाले. हाताने काढलेला एवढा एकच नकाशा आला होता आणि एवढ्या एकाच नकाशात ओल्या भांड्यांना जागा होती, असे बिल्डरची आई म्हणाली म्हणे. पहिल्या पैशातून बायकोने स्वतःचा लहानसा संगणक घेतला आणि तो ओट्याच्या टोकाला ठेवला. वरिष्ठ सहायक पाणी प्यायला आले की ती झाकण मिटते. एकदा त्यांनी न राहवून विचारले, "यावर कोणतं अँटिव्हायरस टाकलंयस?"

"कुठलंतरी एक."

बाहेरच्या खोलीतला संगणक आता कोणी वापरत नाही. आबा फोनवर वाचतात, तेही पांघरुणात शिरून. मेहुणा दारातूनच निरोप देऊन जातो. वरिष्ठ सहायक मात्र रोज कार्यालयातून आले की बूटही न काढता अहवाल उघडतात. 'आज आपल्या घरात कोणतीही हालचाल आढळली नाही. आपण पूर्णपणे सुरक्षित आहात.' परवा त्याखाली एक ओळ वाढली होती. 'तथापि एक व्यक्ती इतरांच्या हालचाली वारंवार तपासताना आढळते. ही व्यक्ती हेर असण्याची दाट शक्यता आहे. तिला विलग करावे का?'

वरिष्ठ सहायकांनी 'नंतर आठवण करून द्या' हे बटण दाबले. घरात तसेही कोणी त्यांच्याशी फारसे बोलत नव्हते, त्यामुळे निम्मे काम झालेलेच होते.

ही हकीकत कार्यालयात पसरली तेव्हा सगळे पोट धरधरून हसले. मग दुपारनंतर एकेक जण, कोणी पंचिंग मशीन मागायला, कोणी सही घ्यायला, वरिष्ठ सहायकांच्या टेबलाशी आला आणि खाली वाकून, इकडेतिकडे पाहत, प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला. त्या चौथ्याचं नाव काय म्हणालात?

म्हणून ते इथे दिलेले नाही. आम्हाला काय करायचंय नाव, असे तुम्ही म्हणाल, आणि ते खरेच आहे. तुम्ही आपले निव्वळ साहित्याच्या आवडीने, शीर्षक वाचून, इथवर आलात. मधे एकदा ते नाव निसटले तर नाही ना म्हणून वर जाऊन शोधलेतही. काळजी करू नका, तशी नोंद झालेली आहे.