सोमवारची बाटली

माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना माझे धाकटे दीर वामनभावजी मांडवातून उठले आणि नदीवर गेले. सोमवार होता.

दर सोमवारी सकाळी भीमा-अमरजेच्या संगमावरून बाटलीभर पाणी आणायचं, हा त्यांचा नेम. ते हैद्राबादच्या मास्तरांकडे एम.एस्सी.चा प्रबंध करतात. पाण्यातलं नुसत्या डोळ्यांना न दिसणारं शेवाळ ते भिंगाखाली मोजतात. गाणगापूरला यात्रेकरू नदीत नैवेद्य सोडतात, त्यावर ते वाढतं म्हणे. जत्रेनंतर पाणी हिरवट झालं की भावजी खुशीत येऊन सांगणार, "वैनी, नदी जेवली."

सासूबाई म्हणायच्या, "नदीच्या जेवणाची चौकशी करायलास, तुझी भाकरी गार व्हायली."

वर्षभरात एक सोमवार जरी चुकला, तरी मास्तर पुन्हा पहिल्यापासून करायला लावणार होते. अकरा महिने सरले होते.

आमच्याकडे यात्रेकरू उतरतात. बार्शीच्या एक म्हाताऱ्या बाई जाताना फळीवरची भावजींची बाटली घेऊन गेल्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याच्या मुखी तीर्थ घालायला. सासूबाईंनी हे कौतुकानं सांगितलं आणि भावजी पांढरेफटक पडले. शेवाळ कुजू नये म्हणून ते त्या पाण्यात जहाल औषध घालतात.

त्यांनी संगमावरून ताजं पाणी भरून घेतलं आणि स्टेशनाची वाट धरली. शनिवार होता. मी त्यांच्याशी फारशी बोलत नसे, पण विचारलं, "परवाचं काय?"

"त्याच्या आत येतो, वैनी."

ते आले पंधराव्या दिवशी, रविवारी. डोकं आणि मिशी दोन्ही सफाचट.

सासूबाईंच्या हातातलं सूप गळालं. "बाप जिता हाय, आन् मिशी काढून आलास? कामून रे?"

"बाटली देव्हाऱ्यात तशीच होती, आई. कुणी प्यालं न्हाई. मग संगमाचं पाणी मीच पाजलं त्या बाबांना. दुसऱ्या दिवशी गेले. त्यांना मूलबाळ न्हाई."

"म्हणून तू...?"

"व्हय. तेरावा करूनच निघालो."

सासूबाईंनी सूप उचललं. आत जाऊन त्यांनी चुलीवर अंघोळीचं पाणी ठेवलं.

सकाळी भावजींनी कोरी वही माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, "वैनी, रेघा मारून द्या." मी पट्टीनं सावकाश मारल्या. मग बाटली घेऊन ते नदीवर गेले आणि परतल्यावर पहिल्या रकान्यात आकडा घातला, एक.