कुलूपवाल्यांचं मरण

धाकटी नात चालायला लागली, त्या वर्षी कुलूपवाले आजोबा वारले. म्हणजे संगणकाच्या लेखी वारले. आजोबा स्वतः दुकानात बसून कानशीनं किल्ली घासत होते.

महिनाभर गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. हात रिकामे राहिले की त्यांना जेवण जात नसे. शेवटी त्यांनी सुनेला गाठलं. सून एका कचेरीत संगणकाला शिकवायच्या कामावर होती. इंटरनेटवर लोकांनी लिहिलेलं त्यानं वाचायचं, त्यातून माहिती उचलायची आणि कुणी विचारलं की सांगायची.

तिनं फोनवरून त्या संगणकालाच कुलूपवाल्यांबद्दल विचारलं. उत्तर आलं, ‘कुलूपवाले गेल्या वर्षी वारले.’

“कुणी सांगितलं त्या शहाण्याला?”

“तुम्हीच, बाबा.”

खरंच होतं. गेल्या वर्षी थोरला भाऊ गेला. साठीत अक्षरं गिरवलेल्या आजोबांनी इंटरनेटवर बातमी हट्टानं स्वतः लिहिली. आयुष्यातला पहिला जाहीर मजकूर! वर स्वतःचा फोटो, खाली ठळक ‘कुलूपवाले’, मग ‘दुःखद निधन’. भावाचं नाव तेवढं राहून गेलं.

“मग आता?” आजोबांनी विचारलं.

“एका ठिकाणी चुकीचं आहे, दहा ठिकाणी बरोबर लिहू.”

आजोबांनी न्हावी, शिंपी, बेकरीवाला, सगळ्यांना कामाला लावलं. दहाही जणांनी इमानानं लिहिलं, ‘कुलूपवाले वारले ही बातमी साफ खोटी आहे.’

आठवड्यानं सुनेनं कपाळाला हात लावला. “बाबा, ‘कुलूपवाले’ आणि ‘वारले’ दहा ठिकाणी शेजारी शेजारी दिसलं. आता त्याची पक्की खात्री झालीय!”

संध्याकाळी तीन माणसं सांत्वनाला आली. दार आजोबांनीच उघडलं. त्यातला एक मटकन पायरीवर बसला.

“पन्नास वर्षं कुलपं उघडतोय,” आजोबा गरजले, “याचं डोकं उघडत नाही म्हणजे काय!”

दुसऱ्या दिवसापासून मरणाचं नाव काढायचं नाही, असं ठरलं. ते रोज एक ओळ इंटरनेटवर लिहू लागले. ‘आज बेकरीचं शटर उघडलं. थोरला म्हणतो, कुलपाला जोर नको, कान द्यावा.’ ‘आज शिंपीणबाईंचं कपाट. थोरला म्हणतो, गंजाला तेल पाज आणि गप्प बस.’ गिऱ्हाईक नसेल त्या दिवशी ते घरचंच कुलूप लावून उघडत.

शंभराव्या दिवशी सून धावत आली. “बाबा, जिवंत झालात!”

आजोबांनी चष्मा पुसून एकेक अक्षर लावलं. ‘कुलूपवाले हयात आहेत. रोज काम करतात. थोरले बंधूही हयात असून त्यांना सल्ला देतात.’

“अगंबाई, हे कुठून आलं?” सून म्हणाली. “थांबा, दुरुस्त करते.”

आजोबांनी फोन हातातून सोडला नाही. “राहू दे,” ते म्हणाले. “म्हणतोच की तो अजून.”

खरी नोंद एवढीच: थोरला भाऊ वारला. धाकटी नात जन्मली त्या वर्षी, चौदा नोव्हेंबरला, सकाळी दहाच्या सुमारास.