अमेरिकेचा तवा

अमेरिकेहून आलेलं चपटं, चौकोनी पार्सल जागेश्वर बांत्यांनी ओसरीवर बसून विळ्याने फोडलं. पार्सल त्यांच्या मुलीच्या, पुस्तकलाच्या नावाने आलं होतं; पण मुलीच्या नावाने आलेली वस्तू बापाने फोडायची, यात कारधा गावात कोणाला वावगं वाटत नव्हतं. आतून एक मोठी काळी रेकॉर्ड, गावच्या भाषेत तवा, निघाली. वेष्टनावर फोटो होता. तीन गोरी पोरं वाद्यं घेऊन वाकलेली, आणि मधोमध डोक्याचा पार गोटा केलेली एक मुलगी. डोळे मिटलेले, तोंड एवढं उघडं की पडजीभ दिसावी.

"हे कोन होय?" निर्मलाबाईंनी नवऱ्याच्या खांद्यावरून वाकून विचारलं.

"आपली हेमलता होय, आई. मोतीलालकाकाची," पुस्तकला म्हणाली. फोटोच्या कोपऱ्यात वेड्यावाकड्या मराठी अक्षरांत 'पुस्तूसाठी' असं लिहिलेलं तिला दिसलं होतं.

"अन् केसं कोठी गेले पोरीचे?"

जागेश्वरांनी फोटो लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला. "नवस असन. अमेरिकेत बी बालाजीचं देऊळ झालं म्हनते."

"अन् तोंड काहून असं वासलं?"

"तान घेऊन राहिली ना ते!"

जागेश्वरांचा धाकटा भाऊ मोतीलाल इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेला तो तिकडचाच झाला. मुलगी गाणं शिकते, असं त्याने कधीतरी कळवलं होतं. त्यानंतर दोन वर्षं त्याने मुलीचं नावच काढलं नाही. जागेश्वरांनी याचा अर्थ नम्रता असा लावला आणि नम्रता आपल्याला परवडत नसल्यामुळे गावभर स्वतःच सांगत सुटले. तिकडे तरुण पोरांमध्ये हार्डकोर पंक नावाचा प्रकार निघाला आहे, त्यात गाणं म्हणत नाहीत, ओरडतात, एकेक गाणं भांडणासारखं सुरू होऊन भांडणासारखंच तुटतं, ही गोष्ट १९८४ साली कारध्यात कोणाच्या कानावर आलेली नव्हती.

पुस्तकलाला तरी कुठे माहीत होतं? पण तिला हेमलता माहीत होती. आठ-नऊ वर्षांपूर्वी ती पोर एक उन्हाळा इथे राहून गेली होती. मोठ्याने हसायची, झाडावर चढायची, आणि दिवसभर सगळ्या घराची बोलणी खायची. फोटोतलं ते तोंड तान घेणाऱ्या माणसाचं नाही, हे पुस्तकलाने एका नजरेत ओळखलं. आणि तिच्या मनात एक विचार आला.

त्याच रविवारी अड्याळहून तिला पाहायला पाहुणे येणार होते. मुलगा ताराचंद, राइस मिलवाल्या तुलारामजींचा. घर भरलेलं, माणसं मानाची. पुस्तकला गावातल्या शाळेत पहिलीला शिकवायची, आणि तुलारामजींनी आधीच निरोप धाडला होता, "आमच्या घरच्या बाया शाळेत जात नाही. ना शिकाले, ना शिकवाले." पुस्तकलाने आईजवळ रडून पाहिलं, बापासमोर न जेवून पाहिलं. उपयोग झाला नाही.

"बाबा," ती आता म्हणाली, "रविवारी पाहुण्याइले आयकवा ना हे."

जागेश्वर खूश झाले. पोरीने या लग्नात पहिल्यांदाच रस घेतला होता.

रविवारी तेजराम लाउडस्पीकरवाला आपलं मशीन घेऊन आला. मशीन ओसरीवर मांडलं आणि भोंगा छपराच्या कवेलूंवर चढवला, कारण आवाज नुसता पाहुण्यांनी ऐकून भागणार नव्हतं, सरपंचाच्या घरापर्यंत जायला हवा होता. पाहुणे जीपने आले. तुलारामजी लोडाला टेकले, ताराचंद त्यांच्या बाजूला गुडघे जोडून बसला, आणि ताराचंदची आई धुरपताबाई दाराच्या आत, डोक्यावरचा पदर सावरत बसल्या. पोहे झाले. पुस्तकलाला चालवून पाहिलं, बसवून पाहिलं, सुई ओवायला लावली.

"आता आमच्या घरची कला आयका जी," जागेश्वर म्हणाले. "माह्या पुतनीचा तवा निंगला अमेरिकेत."

तेजरामने रेकॉर्डला फुंकर मारली, अंगठ्याने उगाच वेगाचा खटका सरकवला आणि सुई टेकवली.

जे सुरू झालं त्याला कारध्याच्या बोलीत शब्द नव्हता. आधी पत्र्याच्या छपरावर गोटे ओतल्यासारखा आवाज आला, आणि त्यातून एका बाईची किंकाळी निघाली. ती संपेना. दोन किंकाळ्यांच्या मध्ये ती काहीतरी भराभर म्हणत होती, पण ते शब्द होते की दगड, कळत नव्हतं. शेजारच्या गोठ्यातल्या बैलाने खुंटा उपटला आणि तो खुंट्यासकट पाहुण्यांच्या जीपला धडकला. ताराचंद बापाच्या मागे सरकला. शेजारची सखाबाई हातात लाटणं घेऊन धावत आली. "निर्मले! मारलं का व तुले यायनं?" असं म्हणत ती जागेश्वरांवर चालून गेली. पाठोपाठ वैनगंगेत जाळं लावून बसलेला मुरारी ओल्या अंगाने पळत आला.

"कोन बुडलं? कोठी बुडलं जी?"

"कोनी नाही बुडलं गा! गानं होय ते!" जागेश्वर ओरडले.

"गानं?" मुरारीने भोंग्याकडे पाहिलं. "मंग बुडनारीले काढाचं नाही का?"

तुलारामजी उठले. त्यांनी टोपी सारखी केली, जोडे पाहिले. पुस्तकला आतल्या खोलीच्या दारात ओठांवरचं हसू दाबत उभी होती. पाहुणे जोड्यांपर्यंत पोचले होते. आणखी एक किंकाळी झाली असती तर गाडी सुटली असती.

पण तेजरामला धंद्याची अब्रू होती.

"थांबा जी, थांबा! माहीच गलती झाली," तो म्हणाला. "खटका पंचेचाळीसवर होता. मोठा तवा तं तेहतीसवर, हळू चालते."

"पंचेचाळीसचाच हाय तो," पुस्तकला दारातून म्हणाली. "लिहिलं हाय वरतं."

"लिवनाऱ्याले काय समजते? जिंदगी गेली माही या धंद्यात."

"तू गप राय," जागेश्वर मुलीला म्हणाले. "पाहुने हायेत."

तेजरामने खटका सरकवला आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

या वेळी ढोल निघाला. सावकाश, जड. त्यावर एक आवाज आला, घोगरा, खोल, एखाद्या घराण्यातल्या शंभरी गाठलेल्या म्हातारीचा असावा तसा. आणि तो आवाज मराठीत बोलत होता.

"ह…ळू बो…ल. ह…ळू बो…ल. पो…रीची जा…त. दा…त नो…को दा…वू. खा…लतं पा…य. दा…रात नो…को रा…हू. ह…ळू बो…ल."

सगळे जागच्या जागी थांबले. तुलारामजींनी एक जोडा घातला होता, तो तसाच राहिला. सखाबाईने लाटणं खाली केलं. मुरारीने ओले हात जोडले. आवाज एकेक शब्द दळून टाकत होता आणि खाली बघ, दात दाखवू नको, यातला प्रत्येक शब्द कारध्यात पोरींना रोज ऐकवला जाणारा होता. दारात उभ्या असलेल्या पुस्तकलाकडे सगळ्यांनी एकदमच पाहिलं. ती आत सरकली.

गाणं संपलं तेव्हा तुलारामजींनी डोळे पुसले.

"अमेरिकेत राहून!" ते म्हणाले. "अमेरिकेत राहून पोरीनं हे इसरलं नाही! अन् इथं आपल्या पोरी पाय…"

"मीच शिकवलं जी तिले," जागेश्वर पुढे सरसावले. "एकेक बोल माहा हाय. आली होती तेवा रोज सांगत जाओ."

हे मात्र अगदी खरं होतं.

"ज्या घरात असं वळन हाय, तिथं अजून काय पाहाचं?" तुलारामजी पुन्हा लोडाला टेकले. "पोरगी पसंत हाय. आमाले दुसरं काही नोको. फक्त हा तवा पोरीसंग द्या."

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर पुस्तकलाने बापाला गाठलं. "बाबा, ते माह्या नावानं आलं होतं."

"मंग? तुह्यासंगच तं चाललं."

"बाबा, ते प्रेमानं नाही म्हनून राहिली. चिडून म्हनून राहिली ते. तेजरामनं हळू लावलं म्हनून…"

"चिडन कायले?" जागेश्वरांना खरोखरच कळेना. "केवढं प्रेमानं सांगतलं होतं आमी."

लग्न उन्हाळ्यात झालं. पाठवणीच्या वेळी तेजरामने तेहतीसवर तेच गाणं लावलं आणि मांडवातल्या बायका हुंदके देऊन रडल्या. बातमी पसरली. त्या मोसमात तेजरामने अड्याळला खेटे घालून घालून रेकॉर्ड मागून नेली आणि आजूबाजूच्या गावांतल्या बऱ्याच नवऱ्या हेमलताच्या आवाजात सासरी गेल्या. समुद्रापलीकडे ती पोर कुठल्याशा तळघरात गळा फाटेस्तोवर ओरडत असेल. इकडे तिचं भलतंच नाव झालं होतं.

पुस्तकलाची शाळेतली नोकरी सुटली. अड्याळच्या घरात तुलारामजींनी खास या एका तव्यासाठी एक मशीन विकत आणलं. रोज सकाळी आंघोळ, पूजा, मग चहा घेताना गाणं. तो घोगरा आवाज पडवीतून स्वयंपाकघरात यायचा. आत पुस्तकला भाकरी थापत असायची आणि धुरपताबाई चुलीत लाकूड सारत असायच्या. दोघी काही बोलत नसत. धुरपताबाई तशाही फार बोलत नसत. सून घरात येऊन वर्ष होत आलं तरी "मीठ पाय" आणि "दार लाव" यापलीकडे सासूचा शब्द पुस्तकलाच्या कानावर आला नव्हता.

पण दुपार पुस्तकलाची होती. पुरुष मिलमध्ये गेले आणि धुरपताबाई बोडीच्या तळ्यावर धुणं घेऊन गेल्या की ती मशीनचा आवाज अगदी बारीक करायची, खटका पंचेचाळीसवर सरकवायची आणि जमिनीवर बसून मशीनला कान लावायची. तिथे ती हेमलता होती. तेच शब्द, पण असे की ज्यांनी ते शिकवले त्यांच्या अंगावर परत फेकलेले. पुस्तकला नुसते ओठ हलवायची. मग खटका पुन्हा तेहतीसवर आणून ठेवायची आणि तांदूळ निवडायला बसायची. तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

एप्रिलमधल्या एका दुपारी अंगणातल्या खाटेवर वड्या वाळत घातल्या होत्या. मिलमधून लवकर आलेल्या तुलारामजींना वड्यांच्या शेजारी काहीतरी काळं दिसलं. त्यांनी उचललं. रेकॉर्ड होती. उन्हाने तिच्या कडा वर वळल्या होत्या आणि मधे खोलगट होऊन तिची चांगली घमेल्यासारखी वाटी झाली होती.

"कोनं केलं हे?" तुलारामजी गरजले. रेकॉर्ड हातात घेऊन ते सुनेकडे वळले. "तू ठेवली?"

पुस्तकलाचा चेहरा पांढरा पडला होता, पण भीतीने नाही. ती त्या वाटीकडे बघत होती.

"माकडानं आनली असन," धुरपताबाई पाटा धुता धुता म्हणाल्या.

"माकड? माकड कायले तवा आनन?"

"पापड वाटला असन."

धुरपताबाईंनी मान वर केली नाही. गेल्या आठवड्यात माकडांनी खरोखरच कवेलू फोडून लोणच्याची बरणी पळवली होती. तेव्हा तुलारामजी काठी घेऊन माकडं शोधायला मागच्या आंब्याकडे गेले. तिथून त्यांचं ओरडणं बराच वेळ ऐकू येत होतं.

धुरपताबाईंनी हात पुसले. दारात उभ्या सुनेजवळ आल्या. इकडे तिकडे पाहिलं.

"मीच ठेवली," त्या म्हणाल्या.

पुस्तकलाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मीच ठेवली व. सासू होती तेवा तिचं आयकलं. यायचं, तुह्या सासऱ्याचं, तं आयकूनच राहिली. हळू बोल, खालतं पाय, दारात नोको राहू. म्हनलं आता सासू मेली, सून आली, दोन घास सुखाचे खाऊ. तं हे कोन होय अमेरिकेची, रोज सकाळी उठून मलेच शिकवते! आपल्यासारखी बाईमानूस असून! काही लाजगीज?" त्यांचा आवाज चढला होता. एवढा चढलेला तो या घरात कोणीच ऐकला नसेल. "तुह्या नात्यातली होय म्हनते. राग आला का तुले?"

पुस्तकलाच्या जिभेवर सगळं आलं. खटका, पंचेचाळीस, नवसाचा नसलेला तो डोक्याचा गोटा, ती पोर कोणाच्या बाजूने ओरडत होती ते. तिने सासूकडे पाहिलं. वर्षभरात या बाईने पहिल्यांदा तोंड उघडलं होतं, जन्मात पहिल्यांदा काहीतरी मोडलं होतं, आणि ती दारात उभी राहून दात दाखवत हसत होती.

"नाही जी," पुस्तकला म्हणाली. "बरं केलं तुमी."

धुरपताबाईंनी वड्यांच्या पिठाचं भांडं तिच्याकडे सरकवलं. दोघी खाटेच्या दोन बाजूंना बसल्या आणि रिकाम्या जागेवर वड्या घालू लागल्या.