गोविंदाभाऊंची उभी माय

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. शाळा चौथीपर्यंतच झाली. कोणाच्या हाती हे पडलंच तर तेवढं सांभाळून घ्या. मला गोविंदाभाऊंबद्दल लिहायचं आहे, आणि ते लिहिणारं दुसरं कोणी आमच्या गावात दिसत नाही.

गोविंदाभाऊ माझे शेजारी. साठीचे, एकटेच राहतात. बाजारात चालता चालता मध्येच थांबतात, चपला काढून हातात घेतात, एक पाऊल टाकतात आणि परत चपला घालतात. वाटेत कोणाची तरी सावली पडलेली असते.

"असं काऊन करता भाऊ?" कोणी नवखा विचारतो.

"त्याइच्यात सावलीवर चपलेनं पाय देत नाईत."

"त्याइच्यात म्हंजे कोणात?"

"वाळवंटातल्या लोकाइत."

भाऊंनी वाळवंट पाहिलेलं नाही. नागपूरच्या पुढे ते कधी गेले नाहीत. जास्तीत जास्त रेती पाहिली ती उन्हाळ्यातल्या वैनगंगेची. ते लोक भाऊंनी स्वतःच बनवले आहेत.

भाऊ झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, तुरुंग, सगळं त्यांच्या हातचं. हल्ली फ्लेक्स आल्यापासून त्यांना कोणी विचारत नाही. तरी दोन वर्षांपूर्वी वडशाच्या एका नाटक कंपनीचे मालक आले. नव्या नाटकात वाळवंटातली टोळी होती. "टोळीचं गाव काढ आन् मांगं त्याइचा देव," म्हणाले आणि इसार देऊन गेले.

दुसऱ्या कोणी आठ दिवसांत उंट आणि रेती काढून दिली असती. भाऊ म्हणाले, "देव काढाचा तं पहिले त्याचा सभाव मालूम पायजे."

मांजरपाटाचे पट्टे जोडून पडदा शिवायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे देव कसकसे तयार होत गेले ते मला रोज ऐकायला मिळायचं. सूर्यदेवाला त्यांनी आमच्या सूर्याचा लहान भाऊ केलं. "चंद्रपूरपेक्षा जास्त ऊन मी कोणालेच देनार नाई. वाळवंट असंन त्याइच्या घरी."

मग त्यांनी त्या लोकांना मोहाचं झाड दिलं; आमच्याकडे उन्हाळ्यात त्याचीच फुलं वेचून खातात, विकतात. मी हळूच म्हटलं, "भाऊ, रेतीत मोह कुठला?"

भाऊ घाबरलेच. "मंग उन्हाळ्यात खातीन काय बिचारे?"

दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी कुंपणावरून हाक मारली. "बाई, जमलं! एक मोह होता त्याइच्याजवळ. आभाळाची पोरगी सासरी जाताना घेऊन गेली. तवापासून चैतात सारे पहाटे टोपल्या घेऊन निंगतात, त्या जाग्यावर वाकून वाकून येचतात, आन् रिकाम्या टोपल्या घेऊन घरी येतात. तो त्याइचा सण."

मला हसू आलं होतं, पण ते ऐकून हसता आलं नाही.

मोठा देव मात्र त्यांनी शेवटी काढला. पडद्याच्या मधोमध एक बाई, दोन्ही हातांनी पदर डोक्यावर ताणून धरलेली. नाव उभी माय. तिच्या हातात शस्त्र नाही, अंगावर दागिना नाही. एक उभी रेघ आणि वर एक वाकलेली, ही तिची खूण. पोरं ती कोळशानं भिंतींवर काढू लागली. एक म्हातारी नारळ घेऊन आली तर भाऊ म्हणाले, "आजी, त्याइच्यात नारळ होत नाई. थोडा वेळ उभ्या राहा, पोचते तिले."

मालक आले आणि पडदा पाहून डोक्याला हात लावला.

"अरे, हे लोक नाटकात डाकू हायेत! देव कवटीचा पायजे, तोंडातून लाल लाईट मारतो मी."

"कवटी आमच्यात नाई."

"तुमच्यात?"

"त्याइच्यात."

"गोविंदा, इसार घेतला तू. पुढच्या मंडईपर्यंत पैसे वापस कर. नाई तं पडदा नेतो आन् दुसऱ्याच्या हातानं या बाईवर कवटी काढतो."

मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, नाटकं तेव्हाच लागतात. पैसे तर कापडात आणि रंगात गेले होते. भाऊंनी पडदा गुंडाळून आढ्याला बांधला. त्या दिवसापासून त्यांच्या लोकांचा एकही नवा सण झाला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "पैसे फिटेपर्यंत ते मालकाचे हायेत बाई. मले बोलाचा हक नाई."

वर्षभर त्यांनी मिळेल ते रंगवलं. शटरं, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, लग्नघरांच्या भिंती. पहाटे मोह वेचून विकला.

मे महिन्यात एका दुपारी मी दळण घेऊन येत होते. भाऊ खताच्या दुकानाची भिंत रंगवत होते, भर उन्हात, उघड्या डोक्यानं. मी जरा थांबले, तर माझी सावली त्यांच्या डोक्यावर पडली. त्यांचा ब्रश थांबला.

"रखमा अशीच उभी राहे," मागे न बघता ते म्हणाले.

रखमाबाई म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली. पोरबाळ नव्हतं.

"पदर धरून राहे असा. मी म्हणो, बस ना थोडी. तं म्हने, बसली तं सावली जाते."

मला रस्त्यात उभं राहायची फार लाज वाटते. येणारे-जाणारे बघत होते. दळणाचा डबा डोक्यावर तसाच धरून मी भिंत रंगवून होईपर्यंत उभी राहिले.

मंडईला तेच नाटक आमच्या गावात आलं. फ्लेक्सवरच्या कवटीतून लाल लाईट निघाला, लोकांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ मला म्हणाले, "बाई, सोबत चाला. मले एकट्याले भेव लागते."

मालक मांडवात चहा पीत होते. भाऊंनी रुमाल सोडला. सगळ्या दहा-विसाच्या नोटा. मालकांनी थुंकी लावून मोजल्या, परत मोजल्या.

"पुरे हायेत."

"आता तिच्यावर कोणी कवटी काढनार नाई ना?"

"नाई रे बाबा. फिटलं तुहं सारं."

मालकांनी नोटा खिशात घातल्या. भाऊंनी रिकामा रुमाल नीट घडी केला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चाला बाई, लवकर जाऊ. घरी ती उभ्यानं वाट पाहून राह्यली असंन."